‘एम’ : जेम्स बाँडचा साहेब आणि त्याचे चेहरे

जेम्स बाँड कोणालाच जुमानत नाही असे वाटते, पण एका माणसासमोर तो सरळ उभा राहतो. तो म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा प्रमुख ‘एम’. इयान फ्लेमिंग यांची पहिली बाँड कादंबरी ‘कॅसिनो रॉयाल’ १९५३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हे पात्र बाँडच्या सोबत आहे. नौदलातून आलेला, करड्या शिस्तीचा, मोजके बोलणारा असा हा वयस्क अधिकारी. त्याचे पूर्ण नाव मात्र वाचकांना फार उशिरा कळले. फ्लेमिंग यांच्या निधनानंतर १९६५ साली आलेल्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये तो अॅडमिरल सर माइल्स मेसर्व्ही असल्याचे उघड होते.

त्याच कादंबरीच्या सुरुवातीला बाँड आणि एम यांच्या नात्याची सर्वांत मोठी कसोटी लागते. बेपत्ता झालेला बाँड लंडनला परततो, पण मधल्या काळात सोव्हिएत हेरखात्याने त्याची बुद्धी फिरवलेली असते. एमच्या दालनात बसून तो सायनाइडचा फवारा सोडतो. त्याच क्षणी एम एक कळ दाबतो, छतातून काचेचा जाड पडदा खाली येतो आणि विष त्या काचेवर आदळते. इतके होऊनही एम बाँडला तुरुंगात धाडत नाही. त्याच्यावर उपचार करवतो आणि पुन्हा कामगिरीवर पाठवतो. या निर्णयात क्षमा किती आणि हिशेब किती, हे फ्लेमिंग सांगत नाहीत. एमचे पात्र एवढे टिकले ते या संदिग्धतेमुळेच. ‘मूनरेकर’मध्ये हाच कडक अधिकारी बाँडला ‘जेम्स’ अशी हाक मारतो आणि बाँड चमकतो, कारण नावाने हाक म्हणजे खाजगी काम. एमच्या क्लबातला एक प्रतिष्ठित सदस्य पत्त्यांत लबाडी करतो असा संशय असतो आणि ती उघडकीला आणायची असते. ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या कथेत जमैकात खून झालेले जोडपे एमचे जुने स्नेही निघते. सूड घ्यावा असे त्याला मनातून वाटते, पण तसा हुकूम द्यायला त्याची जीभ रेटत नाही. शेवटी बाँडच ती जबाबदारी आपल्या शिरावर घेतो.

हे पात्र फ्लेमिंग यांना सापडले ते दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात. १९३९ साली रिअर अॅडमिरल जॉन गॉडफ्रे यांनी नौदल गुप्तवार्ता विभागाची सूत्रे हाती घेतली आणि मदतनीसाचा शोध सुरू केला. पहिल्या महायुद्धात या पदावर असलेल्या रेजिनाल्ड हॉल यांनी शेअर बाजारातला एक माणूस हाताशी धरला होता. गॉडफ्रे यांनाही तसाच चतुर, ओळखीपाळखीचा माणूस हवा होता. निवड झाली शेअर दलालीत फारशी चमक न दाखवलेल्या फ्लेमिंग यांची. गॉडफ्रे बुद्धिमान आणि कामाला वाघ होते, तसेच तापटही होते. इतर खात्यांतल्या रागावलेल्या अधिकाऱ्यांशी बोलणी करायची वेळ आली की ते फ्लेमिंगना पुढे करत. त्याच वर्षी गॉडफ्रे यांच्या नावाने एक टिपण निघाले. शत्रूला कसे फसवावे याच्या अनेक युक्त्या त्यात होत्या. प्रेताच्या अंगावर खोटी कागदपत्रे ठेवून ती शत्रूच्या हाती पडू द्यावीत, ही त्यांतलीच एक. या टिपणात फ्लेमिंग यांचा हात होता, असे अभ्यासक मानतात. १९४३ साली हीच कल्पना ‘ऑपरेशन मिन्समीट’ या नावाने प्रत्यक्षात आली आणि सिसिलीवरील हल्ल्याबाबत जर्मनांची दिशाभूल करण्यात आली.

तोवर गॉडफ्रे त्या खुर्चीवर राहिले नव्हते. सहकाऱ्यांशी सतत खटके उडाल्यामुळे १९४२ साली त्यांना पदावरून हटवण्यात आले आणि रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख म्हणून भारतात पाठवण्यात आले. बाँडच्या चाहत्यांना सहसा ठाऊक नसलेला हा भाग मराठी वाचकाच्या फार जवळचा आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याची शिवीगाळ यांविरुद्ध काम बंद केले. पाहता पाहता उठाव इतर जहाजांवर आणि बंदरांत पसरला आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात उतरले. त्या वेळी नौदलप्रमुख होते हेच गॉडफ्रे. त्यांनी आकाशवाणीवरून खलाशांना दम दिला की शरण या, नाहीतर सारे नौदल नष्ट झाले तरी सरकार मागे हटणार नाही. खलाशांना पाठिंबा देण्यासाठी गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि शहरात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अखेर २३ फेब्रुवारीला, राष्ट्रीय नेत्यांच्या सल्ल्यावरून, खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली. कादंबरीतल्या एमची करडी शिस्त ज्यांच्यावरून घेतली, त्यांच्या शिस्तीचा अनुभव मुंबईने असा घेतला. फ्लेमिंग यांचा एम वाचताना हे लक्षात ठेवले पाहिजे. लेखकाला ती शिस्त लोभस वाटली, कारण तो तिच्या सुरक्षित बाजूला होता.

एकच अक्षर घेऊन वावरण्याची कल्पना मात्र गॉडफ्रे यांची नव्हती. १९०९ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश परदेशी हेरखात्याचे पहिले प्रमुख मॅन्सफिल्ड कमिंग हिरव्या शाईने ‘सी’ अशी सही करत, आणि तिथल्या प्रमुखांनी ही प्रथा पुढे चालू ठेवली. ‘एम’ हे अक्षरही आधी वापरात होते. त्याच काळातले गुप्तचर अधिकारी विल्यम मेलव्हिल आणि नंतरचे मॅक्सवेल नाइट या दोघांशी ते जोडले जाते. फ्लेमिंग यांचे चरित्रकार जॉन पिअर्सन यांनी आणखी एक धागा दाखवला. लहानपणी फ्लेमिंग आपल्या आईला ‘एम’ म्हणत. फ्लेमिंग लहान असतानाच वडील युद्धात मारले गेले आणि या करारी आईच्या धाकात मुले वाढली. पदाची रीत हेरखात्याची, स्वभाव गॉडफ्रे यांचा आणि धाक आईचा, असे मानणे सर्वांत सयुक्तिक वाटते.

चित्रपटांत पहिला एम झाले बर्नार्ड ली. पोलीस आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या भूमिकांसाठी ते आधीच ओळखीचे होते; ‘द थर्ड मॅन’मधला सार्जंट पेन त्यांचाच. १९६२च्या ‘डॉ. नो’मधला त्यांचा पहिलाच प्रसंग या पात्राचा नमुना ठरला. बाँडचे आवडते बेरेटा पिस्तूल ऐन वेळी अडकलेले असते, म्हणून एम त्याला वॉल्थर पीपीके घ्यायला लावतो. बाँड नवे पिस्तूल उचलताना जुने हळूच सोबत न्यायचा प्रयत्न करतो. दाराशी पोचतो तोच एम शांतपणे सांगतो की बेरेटा इथेच राहू दे. आवाज न चढवता वरचढ कोण आहे ते त्या एका वाक्यात कळते. ली यांनी १९७९च्या ‘मूनरेकर’पर्यंत अकरा चित्रपटांत ही भूमिका केली. जानेवारी १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा निर्मात्यांनी ‘फॉर युअर आइज ओन्ली’साठी दुसरा नट घेतला नाही. एम रजेवर आहे असे दाखवून त्याची कामे इतर पात्रांना वाटून दिली.

पुढे १९८३ ते १९८९ या काळातल्या चार चित्रपटांत रॉबर्ट ब्राउन आले. त्यांनी आधी ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मध्ये अॅडमिरल हार्ग्रीव्ह्जची भूमिका केली होती, त्यामुळे तोच हार्ग्रीव्ह्ज बढतीवर एम झाला का, ही चर्चा चाहत्यांत आजही रंगते. ब्राउन यांचा एम नीटस होता, पण पटकथांनी त्यांना फार वाव दिला नाही.

खरा बदल १९९५च्या ‘गोल्डनआय’ने केला. शीतयुद्ध संपले होते, सहा वर्षे बाँडचा चित्रपट आला नव्हता आणि हा नायक आता कालबाह्य झाला का, असे विचारले जात होते. निर्मात्यांनी हा आक्षेप एमच्याच तोंडी घातला आणि ती भूमिका ज्युडी डेंच यांना दिली. १९९२ साली स्टेला रिमिंग्टन ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या, एमआय फाइव्हच्या, पहिल्या महिला प्रमुख झाल्या होत्या. या निवडीमागे तेच उदाहरण होते असे मानले जाते. शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या डेंच आपल्या दालनात बाँडला तोंडावर सांगतात की तो स्त्रियांना तुच्छ लेखणारा, जुन्या युगाचा अवशेष आहे. पण निरोप देताना जिवंत परत यायलाही बजावतात. २००६ साली बाँड म्हणून डॅनियल क्रेग आले, कथा पुन्हा पहिल्यापासून मांडली गेली, तरी डेंच यांना बदलले नाही. त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाच्या आवाजात नव्हता, हेच त्याचे कारण असावे. २०१२च्या ‘स्कायफॉल’मध्ये जुन्या काळी शत्रूच्या हाती सोपवून दिलेला त्यांचाच एक हेर सूड घ्यायला येतो आणि एमचा मृत्यू होतो. एमला इथे आपल्या अपराधाचा जाब द्यावा लागतो. प्रत्यक्षातल्या परदेशी हेरखात्याला, एमआय सिक्सला, महिला प्रमुख मिळायला २०२५ साल उजाडले. ब्लेझ मेट्रेवेली यांनी तेव्हा पदभार घेतला.

‘स्कायफॉल’च्या शेवटी राल्फ फाइन्स यांचा गॅरेथ मॅलरी त्या खुर्चीवर बसतो. सुरुवातीला तो डेंच यांच्या एमला निवृत्त करायला आलेला सरकारी अधिकारी वाटतो, पण उत्तर आयर्लंडमध्ये कैद भोगलेला सैनिक आहे हे नंतर कळते. २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये माणसाच्या जनुकांवर नेम धरणारे अस्त्र ब्रिटनने गुप्तपणे बनवलेले असते. ते शत्रूच्या हाती लागते, आणि त्या प्रकल्पाला मंजुरी मॅलरीनेच दिलेली असते. बाँड त्याला त्याच्या टेबलासमोर उभा राहून जाब विचारतो, आणि मॅलरीपाशी त्याला उत्तर नसते.