वर्षावासात मटण बंद, मग ताटात काय?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास लागला की वस्तीतली बरीच घरं आश्विन पौर्णिमेपर्यंत मांस-मच्छी बंद ठेवतात. विहारात ग्रंथवाचन चालू असतं. आम्ही आरोग्य तपासणीला घरोघर जातो तेव्हा बाया विचारतात, "ताई, मटण नाही, अंडं नाही, मग अंगात ताकद कुठून येणार?"

डाळी-कडधान्यांतून येते. पण मटणाच्या जागी बटाट्याची भाजी आणि पाण्यासारखं वरण आलं, तर येत नाही.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. ज्वारीच्या तीन भाकरींतून १५, वाटीभर भातातून ४, बटाट्याच्या भाजीतून २ आणि पातळ वरणातून फार तर ३. झाले २४. वस्तीतल्या कितीतरी बायांचा दिवस एवढ्यावरच निघतो, कारण त्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि तोवर डाळ तळाला गेलेली असते.

तीच भाकरी, तोच भात ठेवा. मूठभर तूरडाळीचं घट्ट वरण ७ ग्रॅम देतं, वाटीभर मटकीची उसळ ९, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ३. बेरीज ४५ होते. मटकी महाग वाटली तर हुलगे घ्या, चणे घ्या, बेसनाचं पिठलं करा. सोयाबीनच्या वड्यांत तर वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. धान्यात जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून भाकरी-पिठलं ही जोडी पक्की. साबुदाण्यात मात्र प्रथिनं जवळजवळ नाहीतच. उपोसथाला साबुदाण्याची खिचडी आपल्याकडे कुठून आली, हे सांगायला नको.

आमची खरी काळजी गरोदर बाईची आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तिला रोज २२ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. घराने मांस सोडलं म्हणून तिचं अंडं बंद करू नका. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारूबंदी आहे, मांसबंदी नाही. सासूबाईंनी हे आधी ऐकावं. लेकरांचंही तेच. शाळेतल्या अंड्याचा निधी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला, आता घरचंही बंद करायचं का?

बी-१२ डाळींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मांस-मच्छी यांतूनच मिळतं. जे कायमचे शाकाहारी आहेत आणि दूध-दहीही फारसं घेत नाहीत, त्यांच्या हातापायांना मुंग्या येत असतील, सतत थकवा असेल, तर रक्त तपासून घ्यावं. किडनीचा आजार असेल त्यांनी डाळ-सोयाबीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.