लकवा चिमुकल्यांनाही होतो. पण एमआरआयवरचा डाग म्हणजे निकाल नव्हे

आठ महिन्यांचे बाळ. खुळखुळा कुठूनही पुढे केला तरी डावाच हात येतो, उजवी मूठ मिटलेलीच. ‘डावखुरं निघन, दुसरं काय!’ असे म्हणून आजी विषय संपवते. शेलूबाजारच्या कोणत्याही घरात हे घडू शकते. मात्र, वर्षाच्या आतले बाळ सहसा एकाच हाताला पसंती देत नाही. तसे दिसले तर दुसरा हात कमजोर नाही ना, हे तपासायला हवे. त्यामागे जन्माच्या सुमारास झालेला पक्षाघात, म्हणजेच लकवा, असू शकतो.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने अडला किंवा रक्तवाहिनी फुटली की पक्षाघात होतो. नवजात बाळात पहिल्या काही दिवसांत येणारे झटके, हेच अनेकदा त्याचे एकमेव लक्षण असते. मोठ्या मुलांत जन्मजात हृदयविकार, कांजिण्यांनंतर रक्तवाहिन्यांना येणारी सूज, क्षयाचा मेंदूज्वर ही कारणे आढळतात. विदर्भात सिकलसेलही विसरून चालत नाही. भारतात आणखी एक प्रकार दिसतो. साधारण सहा ते अठरा महिन्यांचे मूल बाजेवरून पडते, मार किरकोळ असतो, पण थोड्या वेळाने एक बाजू लुळी पडते. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर चुन्याचे थर असलेल्या बाळांत असे घडते. इजा लहान असते आणि बहुतेक मुले चांगली सुधारतात.

डाग मोठा म्हणजे बुद्धी कमी?

एमआरआय हाती आला की आईबाप पहिला प्रश्न हाच विचारतात. आकाराला महत्त्व आहेच. इजा जितकी मोठी, तितका बुद्धी आणि शिकण्यावर परिणाम होण्याचा धोका जास्त. पण केवळ आकारावरून एका मुलाचे भविष्य सांगता येत नाही. इजा कुठे आहे, मेंदूचा बाहेरचा थर आणि खोल भाग दोन्ही बाधित आहेत का, ती कोणत्या वयात झाली आणि पुढे झटके येत राहिले का, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

वय जितके लहान तितका मेंदू सावरतो, असा समज १९३० च्या दशकात मार्गरेट केनार्ड यांच्या माकडांवरील प्रयोगांनंतर रुजला. तो अर्धाच खरा आहे. जन्माच्या सुमारास डाव्या मेंदूला इजा झालेल्यांमध्ये भाषेचे काम उजवा मेंदू उचलू शकतो, हे २०२२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. पण लहान मेंदूत अनेक कौशल्ये अजून घडायचीच असतात, त्यांचा पायाही इजेत ढासळू शकतो.

म्हणूनच उणीव उशिरा दिसते. पक्षाघातानंतर बऱ्याच मुलांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत असतो, तरी सरासरीने सवंगड्यांपेक्षा थोडा कमी भरतो. मूल चालू-बोलू लागले की घरचे निश्चिंत होतात. मग तिसरी-चौथीत शाब्दिक गणिते येतात, फळ्यावरचे भराभर उतरवायचे असते, तीन सूचना एकदम लक्षात ठेवायच्या असतात. तिथे ते अडखळते आणि त्याच्यावर ‘आळशी’ असा शिक्का बसतो.

काय करावे?

मुलाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा शरीराच्या एकाच बाजूला झटके आले, तर १०८ ला फोन करा. ‘वारं गेलं’ म्हणून झाडपाला, मालिशमध्ये वेळ घालवू नका. सिकलसेलग्रस्त मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाची सोनोग्राफीसारखी तपासणी करून धोका आधीच ओळखता येतो. धोका असलेल्यांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघात मोठ्या प्रमाणात टळतो, हे १९९८ मध्येच सिद्ध झाले आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राची मदत घेता येते. पक्षाघात होऊन गेलेल्या मुलाची शाळेत जाण्यापूर्वी आणि पुन्हा तिसरी-चौथीत बौद्धिक चाचणी करून घ्यावी. वर्गशिक्षकांना जुन्या आजाराची कल्पना द्यावी. पुढची बाकडी, थोडा जास्त वेळ, एका वेळी एकच सूचना एवढ्यानेही अभ्यास सोपा होतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेची सवलतही घेता येते.

एमआरआयची फाइल मात्र जपून ठेवा. आठ-दहा वर्षांनी शाळेतली अडचण समजून घेताना डॉक्टरांना तीच लागणार आहे.