झोपलेला लॅपटॉप बॅटरी का खातो?

रात्री झाकण मिटलेला लॅपटॉप सकाळी पार उतरलेला सापडला, की खापर बॅटरीवर फुटतं. दुकानदारालाही ते सोयीचं. पण अनेकदा दोष झोपेचा, म्हणजे ‘स्लीप मोड’चा असतो. विंडोजच्या जुन्या ‘एस३’ झोपेत वीज मुख्यतः रॅमलाच मिळे. नव्या ‘मॉडर्न स्टँडबाय’ झोपेत मात्र यंत्र अर्धवट जागं राहून ईमेल, अपडेट सांभाळू शकतं. बॅटरी म्हातारी होते हे खरंच, पण ते तपासता येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमतेशी आजची पूर्ण चार्ज क्षमता ताडून पाहा. ५०,०००पैकी ४६,००० मिलिवॉट-अवर शिल्लक असतील, तर नवी बॅटरी म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा झाकण मिटताच ‘हायबरनेट’ होऊ द्या: रॅममधलं सारं डिस्कवर उतरतं, वीज जवळजवळ लागत नाही. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, इतकंच.