धिप्पाड चालक आणि जुनी रेसिंग मोटार : आधी माणसाचे माप, मग मोटारीचे मोल

गॅरेज, वेल्डिंग, पत्राकाम आणि सीट-कुशनच्या धंद्यात आपले बांधव पिढ्यानपिढ्या आहेत. कोणी मुंबईत, कोणी आखातात, तर कोणी थेट इंग्लंडात हेच काम करतात. त्यांच्यासाठी आज आम्ही जरा वेगळा विषय घेत आहोत. इंग्लंड, युरोप आणि अमेरिकेत १९५० ते १९७० च्या दशकांतल्या एकआसनी रेसिंग मोटारी दुरुस्त करून पुन्हा शर्यतीत उतरवण्याचा चांगला व्यापार आहे. या मोटारींचे गिऱ्हाईक बहुधा धंद्यात स्थिरावलेला, पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने भरलेला इसम असतो. मोटार मात्र घडवलेली असते पंचविशीतल्या सडपातळ पोरासाठी. गिऱ्हाईक रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, पैसे मोजतो आणि घरी आणल्यावर त्याच्या लक्षात येते की आपले गुडघे स्टिअरिंगखाली जातच नाहीत.

पूर्वी ही अडचण फारशी नव्हती. १९५१ साली सिल्व्हरस्टोन येथे फेरारीला जागतिक स्पर्धेतील पहिला विजय मिळवून देणारा अर्जेंटिनाचा होसे फ्रोइलान गोन्झालेझ चांगला जाडजूड गडी होता. त्या काळी इंजिन पुढे असे, चालक मागे खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसे आणि त्याचे खांदे व कोपरे मोटारीच्या बाहेर मोकळे राहत. मग इंजिन मागे गेले. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून मोटार बुटकी आणि अरुंद होत गेली. १९६२ साली कॉलिन चॅपमन याने लोटस २५ बनवली, तिच्यात चालक जवळजवळ आडवा झोपतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पेट्रोलच्या टाक्या असतात. जिम क्लार्क लहान चणीचा होता, त्याला ती अंगरख्यासारखी बसली. सहा फुटांहून बराच उंच असलेल्या अमेरिकेच्या डॅन गर्नीचे तसे नव्हते. १९६७ च्या ल मान्स शर्यतीत त्याने जिंकलेल्या फोर्ड मोटारीला तर त्याच्या हेल्मेटसाठी छतावर खास फुगवटा काढावा लागला होता. ती मोटार एकआसनी नव्हती, पण आमच्या पत्राकाम करणाऱ्या वाचकांना हा किस्सा आवडेल म्हणून सांगितला.

ही केवळ हौशी लोकांची अडचण आहे असेही नाही. १९९५ साली मॅक्लारेनसारख्या मातब्बर संघाने निजेल मॅन्सेल या माजी जगज्जेत्याला घेतले आणि तो मोटारीत नीट मावेना. पहिल्या दोन शर्यती त्याला सोडाव्या लागल्या, त्याच्यासाठी रुंद मोटार बनवावी लागली. २००३ साली सहा फूट चार इंच उंचीच्या जस्टिन विल्सनचे हात मलेशियाच्या शर्यतीत बधिर झाले आणि त्याला मध्येच थांबावे लागले. मान सांभाळणारे साधन आणि पट्टे यांचा दाब खांद्यांवर आला होता. एवढा पैसा आणि इतके इंजिनीअर हाताशी असताना ही गत, तर छोट्या वर्कशॉपने माप न घेता मोटार विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे.

माप कसे घ्यावे? कारागिराने शिंप्यासारखी टेप हातात घ्यावी. गिऱ्हाइकाला भिंतीला टेकून जमिनीवर बसवावे, पाय सरळ पसरावेत आणि बुडापासून डोक्यापर्यंत, पाठीपासून तळपायापर्यंत माप घ्यावे. मग बसलेल्या अवस्थेत कुल्ल्यांची आणि खांद्यांची रुंदी मोजावी. उंचीपेक्षा हीच मापे बहुधा घात करतात. उंच पण बारीक माणूस गुडघे दुमडून कसाबसा मावतो, रुंद माणसाला मात्र लोखंडी नळीपुढे इलाज नसतो. बुटाचे माप विसरू नये. पुष्कळ मोटारींत क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर इतके जवळ असतात की रुंद बुटाने दोन पेडल एकदम दाबले जातात. याचा शेवट कुठे होतो हे सांगायला नको.

आता कोणती मोटार पाहावी ते सांगतो. १९५८ साली इटलीत सुरू झालेल्या फॉर्म्युला ज्युनियर वर्गात पुढे इंजिन असलेल्या मोटारीही आहेत. स्टॅंग्वेलिनी ही त्यांतली नावाजलेली. भारदस्त माणसाने पहिली नजर इकडे टाकावी. मागे इंजिन असलेल्यांत १९६० ची लोटस १८ पेटीसारखी चौकोनी आणि त्यामानाने ऐसपैस आहे. स्टर्लिंग मॉसने १९६१ साली मोनाकोला हीच जातीची मोटार बाजूचे पत्रे काढून चालवली आणि जिंकली. उकाड्यात वारा लागावा हा त्याचा हेतू होता. तिच्याच पाठची १९६१ ची लोटस २० मात्र बुटकी आणि अरुंद, धिप्पाड माणसाने तिच्या देखणेपणाला भुलू नये. १९६७ साली इंग्लंडात सुरू झालेल्या फॉर्म्युला फोर्ड वर्गात अनेक कारखान्यांनी नळ्यांच्या सांगाड्याच्या मोटारी बनवल्या, म्हणून निवडीला वाव मोठा. त्यांतही एकाच कारखान्याच्या दोन वर्षांच्या मोटारींत आतली जागा वेगळी निघते. नावावर भरवसा न ठेवता प्रत्येक मोटारीत बसून पाहिले पाहिजे.

वजनाचाही हिशोब करावा. फॉर्म्युला ज्युनियरमध्ये ११०० सीसी मोटारीला किमान ४०० किलोची अट होती. सत्तर किलोच्या चालकाजागी एकशेदहा किलोचा बसला तर चाळीस किलो वाढले, म्हणजे मोटारीच्या वजनाचा दहावा हिस्सा. पोट जमिनीला घासू नये म्हणून स्प्रिंगा बदलाव्या लागतात, ब्रेकवर ताण येतो. तेवढ्या इंजिनात पहिला नंबर येणार नाही हे विक्रेत्याने आधीच सांगावे.

जागा थोडी कमी पडत असेल तर कारागिराचा हात कामी येतो. जुनी गादी काढून टाकली की एक-दोन इंच मिळतात. दोन द्रव मिसळून फुगणारा फोम प्लास्टिकच्या पिशवीत ओतून त्यावर चालकाला बसवले, की त्याच्या पाठीचाच साचा तयार होतो. मग तो कापून, घासून त्यावर न पेटणारे कापड चढवायचे. आपल्या कुशनवाल्यांना हे काम अवघड नाही, मात्र द्रवाची वाफ अपायकारक असल्याने मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करावे. लहान व्यासाचे, चटकन निघणारे स्टिअरिंग बसवता येते. पेडल पुढे सरकवता येतात, पण बेतानेच. फॉर्म्युला वनने १९८८ पासून नव्या मोटारींत चालकाचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे असावेत अशी सक्ती केली ती उगाच नव्हे. समोरून धडक बसली की आधी पायच सापडत.

जिथे करवत लागेल तिथे मात्र आम्ही थांबा म्हणू. सांगाड्याची नळी कापली की मोटारीची ताकद गेली आणि मोलही गेले. जुन्या मोटारीची किंमत ती मूळ रूपात असण्यावर आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी मोटारीला तिच्या काळच्या घडणीचा तांत्रिक पासपोर्ट लागतो आणि मनमानी फेरफार केलेली मोटार तपासणीत अडकते. रोलबारचेही तसेच. हेल्मेट घातलेले डोके त्याच्या खालीच राहिले पाहिजे, अमेरिकेतल्या अनेक क्लबांत तर दोन इंच खाली. डोके वर येत असेल आणि नियमात बसेल असा उंच रोलबार लावता येत नसेल, तर ती मोटार त्या माणसाची नाही.

सर्वांत मोठी कसोटी आत बसण्याची नसून बाहेर पडण्याची आहे. फॉर्म्युला वनच्या नियमांत अनेक वर्षे पाच सेकंदांत बाहेर येण्याची अट होती. बाजूला पेट्रोलच्या टाक्या असलेल्या मोटारीत हे पाच सेकंद म्हणजे हयात आणि मौत. चालकाला हेल्मेट, हातमोजे, आगरोधक पोशाख घालायला लावून, पट्टे आवळून, घड्याळ लावून पाहावे. कंबरेचा पट्टा पोटावर नव्हे, पोटाखाली हाडावर बसतो का, हेही तेव्हाच कळते.

राहिला सौद्याचा प्रश्न. अशा मोटारी फोटो पाहून दूर देशातून घेतल्या जातात. हनफी फिकहमध्ये न पाहिलेला माल घेणाऱ्याला पाहिल्यावर सौदा मोडण्याचा हक्क आहे, शाफई मसलकात तर न पाहिलेल्या मालाचा सौदाच बहुतांश मान्य नाही. आपल्या कोकणी वाचकांना हे ठाऊक असेलच. नळीला जुना जोड असेल, पेडल सरकवलेले असतील, तर ते विक्रेत्याने आपणहून दाखवले पाहिजे. याशिवाय दोन्ही मसलकांत तीन दिवसांपर्यंत पसंतीची अट घालता येते, आणि या धंद्याला ती फार सोयीची आहे. पहिल्या दिवशी मापे, दुसऱ्या दिवशी पूर्ण पोशाखात अर्धा तास बसणे, तिसऱ्या दिवशी ट्रॅकवर संथ फेऱ्या. ट्रॅकचे भाडे आणि त्या फेऱ्यांत काही मोडले तर त्याचा खर्च कोणी सोसायचा, एवढे मात्र आधी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.