नकारपत्रात नसलेले नाव

दोन वर्षांपूर्वी आमच्या बोरीतल्याच एका घरून मला बोलावणे आले. सुनेचा व्हिसा नाकारला गेला होता आणि आलेल्या इंग्रजी पत्राचा अर्थ घरात कोणालाच नीट लागत नव्हता. मी वकील नाही. जुने न्यायनिवाडे वाचायचा नाद आहे, एवढे गावाला ठाऊक. पत्र पाऊण पानाचे होते. त्यात तिचे नाव होते, कलम होते. ज्याच्याकडे ती निघाली होती त्या नवऱ्याचे नाव कुठेच नव्हते. "काका, हा नकार मला आहे का आम्हाला?" तिने विचारले. त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले ते इथे मांडतो. तिच्या नवऱ्याचा देश कोणता ते लिहीत नाही. दाखले अमेरिकेचे घेतले आहेत, कारण या विषयावरचे तिथले निकाल मी सर्वांत जास्त वाचले आहेत.

अमेरिकन नागरिकाने जोडीदारासाठी केलेला अर्ज मंजूर झाला की इकडे पेढे वाटले जातात. पण ती मंजुरी फक्त नात्याला असते. व्हिसा द्यायचा की नाही, हे वकिलातीतला अधिकारी मुलाखतीनंतर ठरवतो. त्याचे नकारही एकसारखे नसतात. कलम २२१ (जी) खालचा नकार पुष्कळदा कागद अपुरे म्हणून असतो. वर्षाच्या आत ते पुरवले तर तोच अर्ज पुढे सरकतो. अपात्रतेचा नकार मात्र जड. त्याविरुद्ध न्यायालयाचे दार जवळजवळ बंद आहे.

ते किती बंद आहे, हे एलेन नॉफ या जर्मनीत जन्मलेल्या बाईने अनुभवले. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एका अमेरिकन नागरिकाची ही बायको ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उतरली आणि एलिस बेटावर अडकली. कारण 'सुरक्षा'; पुरावा गुप्त; सुनावणी नाही. जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरल्यावर अखेर सुनावणी झाली, आरोप ऐकीव निघाले, आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये ती आत गेली. २०२४ मध्ये सँड्रा मुन्योझ या अमेरिकन नागरिक असलेल्या वकील महिलेच्या खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावे असा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. तिच्या साल्वाडोरच्या नवऱ्याला २०१५ मध्ये नकार मिळाला, तेव्हा फक्त कलम सांगितले होते. तो टोळीतला असल्याचा संशय आहे, हे कळायला कोर्टाची पायरी चढावी लागली. तो ते नाकारतो.

म्हणजे कायद्याच्या लेखी नकार एकट्याला. पण हाच कायदा नवरा-बायकोला नेहमी असे सुटे मोजत आला आहे का? मुळीच नाही.

१९०७ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे लग्न झालेली बाई नवऱ्याच्या राष्ट्रीयत्वाची ठरे. १९२२ च्या केबल कायद्याने ती बेडी सैल केली, मात्र नागरिकत्वाला 'अपात्र' असलेल्या परदेशी माणसाशी लग्न केले तर बाईचे नागरिकत्व जाणारच होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस तसा अपात्र ठरला. (हे थिंड म्हणजे आपले हुतात्मा नव्हेत; नावामुळे घोटाळा होतो.) त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव आपल्याकडचे, जन्म अहमदाबादचा. ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते. थिंड हरल्यावर सरकारने पंडितांचेच नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. ते मुळातूनच रद्द झाले असते तर वकिली गेली असती आणि अमेरिकेत जन्मलेली त्यांची पत्नी लिलियनही परकी झाली असती. पंडितांनी हे कोर्टापुढे ठेवले. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले, पण एकदा दिलेला निवाडा पुन्हा उकरता येत नाही या मुद्द्यावर. तारकनाथ दासांशी लग्न केलेल्या मेरी कीटिंगना मात्र नागरिकत्व गमवावे लागले.

दंड करताना जोडपे एक, हक्क मागताना दोन. मला तरी हा हिशेब सरळ वाटत नाही.

आमच्या सुनेला एका एजंटाने सल्ला दिला होता, की पुढच्या अर्जात 'पूर्वी नकार मिळाला आहे का' याला 'नाही' लिहा. मी कडक शब्दांत अडवले. अमेरिकेत तर अशी लबाडी आजन्म अपात्रता ओढवते. गंमत अशी, की तिच्यातून माफी मागताना मात्र तिथल्या नागरिक जोडीदाराचे अतोनात हाल होतील, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. दुसऱ्याच्या दुःखाला रकाना मिळतो तो असा, फार उशिरा.

गावातला त्रास वेगळाच. "कधी जाणार?" पासून "नवऱ्यानं टाकली का?" पर्यंत सगळे विचारून झाले. शेवटी सासूबाईंनी मला पत्राचे मराठी करून मागितले, येणाऱ्याजाणाऱ्यापुढे ठेवायला. मी 'तुम्हाला व्हिसा देता येत नाही' असे लिहिले. सुनेने 'तुम्हा दोघांना' करायला लावले. भाषांतर म्हणून ते चूक आहे, तरी केले.

तिचा दुसरा अर्ज दिवाळीआधी गेला आहे. जुन्या नकारपत्राची प्रत सोबत जोडली आहे.