नांगर किती खोल लावलाय? टॉप लिंकचे दोन आटे फिरवले की रानात फरक पडतो

पलूस : उन्हाळी नांगरटीला ट्रॅक्टर बांधावर आला की पहिला प्रश्न ठरलेला, एकराला किती घेणार? नांगर कुठं सेट केलाय, हे फार थोडे विचारतात. पैसे एकदा जातात, पण चुकीच्या खोलीची नांगरट रानाला पुढं दोन-चार हंगाम भोगावी लागते.

नांगर कमी-जास्त करायची सोय काही नवी नाही. लाकडी नांगरात ती दोरीत होती. हळस जुवाला कुठं बांधायचा यावर खोली ठरायची. जू हळसाच्या टोकाकडं बांधलं की फाळ खाली घुसायचा, नांगराकडं ओढून बांधलं की वर यायचा. जुन्या माणसांना हे हातानंच कळायचं. पण लाकडी नांगर माती फक्त फोडायचा, उलटी करायचा नाही.

माती उलटवणारा लोखंडी नांगर आपल्याकडं रुजवला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. सुरुवात बेळगावात झाली. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी त्या वेळी लोकांना भीती होती, त्यामुळं पहिले नांगर विकता विकता नाकी नऊ आले. पुढं 1910 साली औंध संस्थानच्या राजांनी जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच आजची किर्लोस्करवाडी. बैलाच्या लोखंडी नांगराला पुढं भोकांची पट्टी असते. ओढ वरच्या भोकात अडकवली की तास खोल, खालच्या भोकात अडकवली की उथळ. आडव्या भोकांनी तासाची रुंदी बदलते. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, तरी हिशोब तोच आहे.

ट्रॅक्टरच्या मागं नांगर तीन ठिकाणी जोडलेला असतो. खाली दोन हात, वर मधोमध टॉप लिंक. टॉप लिंकला दोन्ही टोकांना आटे असतात. ती आखडली की नांगराचं तोंड खाली जातं आणि फाळ जमिनीत शिरतो. प्रमाणाबाहेर आखडली तर पुढचा फाळ खोल, मागचा उथळ, शिवाय ट्रॅक्टर दमतो आणि डिझेल जास्त जातं. लांब सोडली तर फाळ शिरायलाच मागत नाही. मग काही जण नांगरावर दगड ठेवतात. दगड ठेवण्याआधी आटे फिरवून बघावेत.

पलटी नांगराची आणखी एक भानगड असते. जाताना तास खोल आणि येताना उथळ पडत असेल तर दोष बहुतेक वेळा रानाचा नसतो. दोन्ही बाजूंना नांगराचा कल अडवणारे बोल्ट सारखे नसतात. ते पान्यानं जुळवता येतात.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, कराडच्या काळ्या रानात खोल नांगरट चालते, कारण माती खोल आहे. जत, आटपाडी, माण, खटावच्या माळावर तसं नाही. तिथं बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो. नऊ-दहा इंच फाळ घातला की मुरूम वर आणि कसदार माती खाली. हे रान सुधारायला वर्षं लागतात. अशा रानाच्या मालकानं पहिल्या तासात काठी घालून खोली मोजावी, मगच पुढं जाऊ द्यावं. काळ्या रानातही वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरलं तर त्या खाली घट्ट थर बसतो. मग पाणी मुरत नाही आणि उसाची मुळं आडवी पसरतात.

नऊ फणी कल्टिव्हेटरचं काम त्यामानानं सोपं. फण क्लॅम्पनं बसवलेले असतात. बोल्ट सैल करून ते पिकाच्या ओळीप्रमाणं सरकवता येतात, नको असलेले काढता येतात. स्प्रिंग असलेला फण दगडाला लागला की मागं उचलतो आणि परत जागेवर येतो, म्हणून माळरानाला स्प्रिंगचाच बरा. फाळाचं टोक झिजलं तर बहुतेक फाळ उलटे करून दुसरं टोक वापरता येतं.

काही नांगरांना दगडाच्या धक्क्यानं मुद्दाम तुटणारा बोल्ट असतो. तो तुटला की त्या जागी जाड, टणक बोल्ट घालू नये. पुढच्या दगडाला मग बोल्ट टिकतो आणि नांगराची दांडी वाकते.