सरकणारे बेट

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांत पसरलेले आसाटीग हे सुमारे 60 किलोमीटर लांबीचे, चिंचोळे रोधक बेट आहे. खडकाचा आधार नसलेली ही वाळूची पट्टी किनाऱ्याला समांतर उभी राहते, लाटांचा मारा स्वतः झेलते आणि मागच्या उथळ खाडीला आडोसा देते.

तिरप्या येणाऱ्या लाटा येथील वाळू मुख्यतः उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहून नेतात. वादळात पाणी बेट ओलांडते, तेव्हा समुद्राकडची वाळू खाडीच्या बाजूला जाऊन पडते. पुढून झीज, मागून भर; त्यामुळे बेट नष्ट न होता मुख्य भूमीकडे सरकते.

ऑगस्ट 1933 मधील चक्रीवादळाने याच पट्टीवरच्या ओशन सिटी या शहराच्या दक्षिणेला ही पट्टी फोडली. मासेमारी बोटींना आयती वाट मिळाली, म्हणून ती दगडी बंधारे घालून कायम केली गेली. सोय झाली खरी, पण वाळूची वाट अडली. उत्तरेकडे ओशन सिटीची पुळण रुंदावली आणि उपाशी राहिलेल्या आसाटीगचे उत्तर टोक अर्ध्या किलोमीटरहून अधिक पश्चिमेला सरकले. आज नकाशावर दोन्ही किनारे एका रेषेत नाहीत.

दरम्यान आसाटीगवर घरांसाठी भूखंड पाडण्यात आले, डांबरी रस्ताही झाला. मार्च 1962 च्या वादळाने तो उखडला, वसाहतीचा बेत बारगळला आणि 1965 मध्ये बेटाला राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा दर्जा मिळाला. अडलेली वाळू 2004 पासून जहाजाने उपसून आसाटीगच्या किनाऱ्याजवळ टाकली जाते.